हो म्हणजे नको

३० जून २०११
संप मिटून टपाल एकदाचं सुरू झालं. बिलं, जाहिराती आणि सार्वमताचं पाकीट, सगळं एकदमच दारात पडलं. गेल्या वर्षी लादलेला एचएसटी, म्हणजे नवा विक्रीकर, ठेवायचा की काढायचा, ते आम्ही ठरवायचं म्हणे. पण प्रश्न असा की वकीलच लावावा — हा कर रद्द करून जुनी पद्धत परत आणण्याच्या बाजूने तुम्ही आहात का? म्हणजे कर नको असेल तर येस. हवा असेल तर नो. नको म्हणायला हो म्हणायचं! हे असते तर पेन्सिल घेऊन सरकारचं व्याकरण तपासत बसले असते. ऑक्टोबरात दोन वर्षं होतील त्यांना जाऊन.

३ जुलै
रविवार, म्हणजे तनयचा फोन, देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या कनाट्याहून. तोच विषय. घर विक, आमच्याकडे ये. "आई, हू विल शोव्हल द स्नो?" इथे कोक्विटलामला बर्फ पडतं किती आणि त्याच्या कनाट्याला किती, हे पोराला कोण सांगणार! शेवटी दमून म्हणाला, "सो यू डोन्ट वॉन्ट टू मूव्ह हियर?"
"येस," म्हटलं. ठणकावून.
तो म्हणाला, "ओके आई. ओके."
विषय मिटला. आता बरी झोप लागेल.

४ जुलै
नाही लागली.

९ जुलै
मंडळाची पिकनिक. शेजारची सुरेखा मोठ्या ऐटीत सांगत होती, "मी तर बॅलट मेल पण करून टाकलं, अरुणाताई. टॅक्स नको, म्हणून सरळ नो वर खूण!" हसून हसून पोट दुखलं. मग बाकीच्यांना उभ्या उभ्या शिकवणी दिली — प्रश्न उलटा आहे, उत्तरही उलटं द्या. सुरेखा फुगली. "तुम्ही पाठवलं का?"
पाठवीन की, म्हटलं. पाकीट फ्रिजवर मॅग्नेटखाली तसंच आहे. बाहेर जेवायला गेलं की बारा टक्के टोचतात, खरं आहे. पण हे म्हणायचे, टॅक्सवरच इस्पितळं चालतात. आणि शेवटच्या दिवसांत त्या इस्पितळाने यांच्यासाठी काय नाही केलं. ठरत नाही माझं.

२४ जुलै
तनयने ईमेलवर फोटो पाठवलेत. त्याचं बेसमेंट. खिडकी मोठी केली आहे. वॉशरूममध्ये धरायला दांडी. कोपऱ्यात देवासाठी शेल्फ. भिंती फिकट पिवळ्या — रंग अक्षराने निवडला म्हणे. एवढीशी माझी नात! खाली लिहिलंय, ऑक्टोबरपर्यंत तयार.
कुणासाठी? लगेच फोन लावला.
"फॉर यू, आई. यू सेड येस."
"अरे, येस म्हणजे —" आणि पुढचं तोंडातच राहिलं. आपल्यात 'येणार नाहीस ना?' विचारलं की 'हो' म्हणतात. हो, नाही येणार. इंग्रजीत ते बरोब्बर उलटं होतं. चाळीस वर्षं या देशात काढली मी! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. गॅसवर दूध आहे म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

२७ जुलै
कशात म्हणून लक्ष नाही. रासबेरी झाडावरच पिकून गळताहेत, तोडायला उठवत नाही. फोन उचलते, ठेवते. सांगायला तर हवंच. इथल्या प्रत्येक खोलीत हे आहेत. तिकडे मी पाहुणी. पण त्या पिवळ्या भिंती...
आणि खरं सांगू? रात्री मला एकटीला भीती वाटते. कुणाला बोलले नाही अजून.

३१ जुलै
सांगितलं. माझं येस म्हणजे नाही होतं रे, म्हटलं. व्याकरणही समजावलं. वाटलं, हसेल.
"ओह," म्हणाला. मग, "इट्स फाइन, आई. वी विल यूज इट फॉर स्टोरेज."
खोकी काय दांडी धरून आंघोळ करणार आहेत? इतकी चिडले! त्याच्यावर नाही, माझ्यावरच. मनासारखं झालं ना? मग घरभर फेऱ्या कशाला मारतेय?

४ ऑगस्ट
उद्या शेवटचा दिवस. केली एकदाची खूण. पाकिटात पाकीट, वर सही, जन्मतारीख. स्वतः गाडी चालवत जाऊन देऊन आले. खूण कुठे केली ते इथेही लिहिणार नाही. मतदान गुप्त असतं.

२६ ऑगस्ट
येस जिंकलं. कर जाणार. सुरेखाचा फोन — "आपण जिंकलो, अरुणाताई!" तुझ्या मताला न जुमानता, म्हटलं.
तनयला कळवावंसं वाटलं. नाही केला फोन.

२८ ऑगस्ट
त्याचाच आला. निकालाचं बोलून झालं, तरी ठेवेना. मग मराठीत बोलायला लागला, तोडकंमोडकं. "आई, मला तेव्हाच कळलं होतं. तुझं येस ऐकूनच मोठा झालो मी."
"मग ती खोली कशाला केलीस?"
"मला ते दुसरं, इंग्रजीतलं येस पाहिजे होतं."
देवाचं शेल्फ किती उंचीवर लावलंय, ते विचारलं. माझा हात पोचायला हवा.