दादाची शाळा सुटली त्या दिवसाबद्दल

माय,

काल वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पोरंच का मागं पडायलेत?" नांदेडच्या कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवते, हे तुला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. माणसं अशी का वागतात ते शिकवते, एवढंच म्हणायचे. काल मी पुस्तकातली कारणं सांगितली. मार खाऊन शाळेला विटलेली पोरं, अभ्यासाला बायकी म्हणून एकमेकांना चिडवणारी पोरं, लवकर कमावती झालेली पोरं. मुली लिहून घेत होत्या. मागच्या बाकावर मोजकीच पोरं होती, त्यातला एक झोपलेला. आणि मला दादा दिसत होता.

दुष्काळाचं साल. तू उदगीरच्या रस्त्यावर खडी फोडायला जातेस, दादा आठवीत, मी पाचवीत. गुरुजी पोरींना रागवायचे आणि पोरांना झोडपायचे. एका सकाळी गणित बरोबर असूनही अक्षर वाईट म्हणून त्यांनी दादाला वेतानं मारलं. "तुझ्या हाताला खडीच शोभती," म्हणाले. दुपारी तो तुझ्या कामावर आला आणि मुकादमानं त्याला ठेवूनही घेतलं. आठवड्याची मजुरी त्यानं तुझ्या हातावर ठेवली तेव्हा तुझा चेहरा जसा उजळला, तसा मी आधी किंवा नंतर कधी पाहिला नाही. चुलीपुढं तू रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी आधी त्याला वाढलीस. "आता माझा गडी कर्ता झाला." मी ताट पुढं केलं तर म्हणालीस, "तू थांब. तुला कुठं बाहेर जायचंय? वाचत बस." मी वाचत बसले. बाहेर मला कुणी बोलावतच नव्हतं.

पाऊस आला, काम बंद झालं.

"आता जा की रं शाळंत."

"बारक्या पोरांत बसू का? हसतेत."

तू पुन्हा विषय काढला नाहीस.

लातूर जिल्हा झाला तेव्हा सगळे म्हणाले, नव्या कचेऱ्या निघतील, पोरं चिकटतील. तू दादाला धुतलेला सदरा घालून एसटीत बसवलंस. शिपायाच्या जागेलाही दहावी झालेल्या पोरांची रांग होती. तो गावाकडं परतलाच नाही. तिथल्या एका डाळमिलीत पोती उचलायला राहिला, तिथंच दारू लागली आणि एका उन्हाळ्यात पोत्यांची थप्पी अंगावर कोसळून तिथंच गेला. मयतीला आलेल्या बाया माझ्या नोकरीचं कौतुक करत होत्या. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "हाव, पण त्याच्यापेक्षा ही कुठं हुशार होती?" मला राग आला होता. पण खरं होतं ते.

तुला दोष द्यायला बसले नाही. घरात दाणा नसताना कमावत्या लेकराचं कौतुक करू नये, असं कोणतं पुस्तक सांगेल? हा कागद कुणाच्या हाती द्यायचा नाही, म्हणून एक सांगते. मला दुसरीही मुलगीच झाली तेव्हा दवाखान्यात तू तोंड फिरवून रडलीस. मीही रडत होते, आणि तू माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिलीस. माय, मी दुःखानं रडत नव्हते. मुलगा झाला नाही, सुटले, असं वाटत होतं.