जळालं म्हणून सांगितलेलं रीळ

प्रिय दादा,

तुला जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी हे सांगायचं राहिलंच. लढाई चालू होती, तू आघाडीवर होतास आणि मी थिएटरात लढाईतल्या प्रेमाचाच सिनेमा चालवत होतो. वहिनी दुपारच्या खेळाला बसली होती. तेवढ्यात तू गेल्याची तार माझ्या हातात पडली. सिनेमातला शिपाईही शेवटी सोबत्यांसाठी जीव देतो. मी शेवटचं रीळ लावलंच नाही, जळालं म्हणून सांगितलं. वहिनी हसतच बाहेर आली.

"भावजी, नाचता येईना म्हणून रिळाला नावं ठेवता! असू दे, तो शिपाई शेवटी घरी आला असणारच."

एक दिवस तरी हसू दे, म्हणून तार दुसऱ्या सकाळी दिली.

काल तोच सिनेमा टीव्हीवर लागला. तिने शेवटपर्यंत पाहिला.

"रीळ जळालं नव्हतं ना?"

"नाही, वहिनी."

"तार आधीच आली होती?"

"हो."

"मग त्या संध्याकाळी मी ह्यांना लिहिलेलं पत्र तुम्ही पोस्टात कसं हो टाकलंत?"

दादा, पाकीट माझ्या हातात देताना ती गाणं गुणगुणत होती रे.

तुझा,
अजून धाकटाच राहिलेला भाऊ