शेजाऱ्याचं दार

३ फेब्रुवारी
आईने आज सुईत दोरा ओवला! पहिल्याच फटक्यात. कंपवात सुरू झाल्यापासून ते काम माझ्याकडे होतं. नवी गोळी लागू पडली म्हणायची. बाबा नुसते नाक शिंकरत बसले.

६ फेब्रुवारी
औषधी रसायनशास्त्राचा तास. सर म्हणाले, "पेशीवरचा रिसेप्टर म्हणजे कुलूप, औषध म्हणजे किल्ली. आपण किल्ली घडवतो एका कुलपासाठी. ती शेजाऱ्याचंही दार उघडते — त्यालाच दुष्परिणाम म्हणायचं!" वर्ग हसला. मीही.

७ फेब्रुवारी
आई गिऱ्हाइकाच्या शर्टाला काजं करता करता म्हणाली, "जरा सरकून बस. तिला जागा दे."
कोणाला? पलंगावर माझ्याशिवाय कोणी नव्हतं.
"रोज येते. राखाडी कोट, ओले केस. बोलत नाही. तुझ्यापेक्षा बरी, निदान ऐकून तरी घेते!"
मी हसले. मग सरकले. का सरकले?

९ फेब्रुवारी
ग्रंथालयात शोधलं. असं होतं! ही गोळी मेंदूतल्या डोपामिन या रसायनासारखी वागते. हात स्थिर करते, आणि कधी कधी नसलेली माणसं दाखवते. पुस्तकात जेमतेम अर्धी ओळ. हायसं वाटलं. परीक्षेला हमखास येणार.

१४ फेब्रुवारी
आई आता शिवायचे कपडे उचलून तिच्यासाठी जागा करते. पलंगाच्या त्या कडेला चादर चुरगळलेली असते. आई बसत असेल. नाहीतर बाबा. विचारलं नाही.

१५ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी गोळी निम्मी केली. घरी येताना आई माझ्यावर डाफरली — "हात माझे, डोकं माझं, आणि चुगल्या तू करतेस! ती कोणाचं काय घेत होती गं? खिडकीबाहेर बघत बसायची बिचारी."

२१ फेब्रुवारी
ती आता येत नाही, असं आई म्हणते. हात मात्र पुन्हा थरथरायला लागले. आज सुई बोटात घुसली, गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर रक्त. आई रडली नाही. तिने शर्ट धुवायला घेतला. मी शेजारी उभी. बरं केलं की वाईट, कळेना.

तास संपल्यावर सरांना गाठलं. म्हटलं, आईला नसलेली बाई दिसायची; गोळी कमी केली, दार बंद झालं. वाटलं, शाबासकी देतील. ते फळा पुसत राहिले. "दाराचं मला माहीत नाही. तुझ्या आईकडे आता किल्ली नाही, एवढंच."
विक्षिप्त माणूस!

२४ फेब्रुवारी
सकाळी बाबा चहा घेऊन आईच्या खोलीत निघाले होते. मी त्यांच्या मागे. ते उंबरठ्यावर थबकले. कप सांभाळत भिंतीला चिकटून उभे राहिले. आई आत पलंगावर झोपलेली, दारात कोणी नव्हतं. मी पुढे व्हायला लागले, तर हाताने अडवलं. हळूच म्हणाले, "थांब. आधी तिला बाहेर येऊ दे."

बाबा कुठलीच गोळी घेत नाहीत.