लाल पट्टीचं जाळं

प्रिय बा,

तुझी तेरवी आटोपली, पाहुणे आपापल्या गाडीनं गेले. काल सकाळी बंडू छपरी झाडत होता तर त्याला खुंटीवर तुझं अर्धं विणलेलं जाळं दिसलं. खाली काढून उलटंसुलटं पाहिलं अन् मला म्हणाला, "ताई, बा काय विणून राह्यला होता वो हे? याले ना शिसाच्या गोळ्या, ना धड रुंदी. याच्यात मासोळी कशी सापडन? तलावात सोडून देऊ का?"

मी ते त्याच्या हातातून घेतलं. मला पाहता क्षणीच कळलं ते कशाचं आहे. तुझ्याशी बोलायचं राहून गेलं होतं ते असल्याच एका जाळ्यावरून, म्हणून हे लिहून राह्यली. शाळेतल्या मराठीत लिहिते, हसू नको.

तुला स्मिता आठवते का? धानाच्या संशोधन केंद्रातल्या साहेबांची पोरगी, नववीत आमच्या वर्गात आली होती. तिच्या कोण्या मामानं अमेरिकेहून मुठीत मावेल अशी एक चामड्याची थैली आणली होती. मधात जाळं बांधायचं अन् ती थैली फक्त पायानं इकडून तिकडे उडवायची. गुडघ्याच्या वर लागली की बाद, हात लागला की बाद, जाळ्याला अंग लागलं तरी बाद. स्मिता, छाया अन् मी, तिघी ग्रामपंचायतीच्या बगिच्यात रोज शाळा सुटली की जायचो. आधी नुसतीच पायावर झेलायची, मग पावलाच्या आतल्या बाजूनं उचलायची, मग उडी मारून तळव्यानं पलीकडे हाणायची. माय म्हणे, पोरीच्या जातीनं लाथा काहाले झाडाच्या? तू काहीच बोलला नाहीस. तुझं काही न बोलणं म्हणजे परवानगी, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

त्या थैलीची शिवण उसवली तेव्हाचं तर आठवत असेलच. आतले प्लास्टिकचे दाणे गवतात सांडले. छायानं घरून धान आणलं, आम्ही ते गच्च भरून शिवलं अन् खेळून झाल्यावर थैली ओल्या गवतातच विसरलो. त्यात पावसाची झड लागली. चार-सहा दिवसांनी पाहतो तर शिवणीतून हिरवे कोंब बाहेर! धानाच्या साहेबाची पोरगी सोबत असून हे हाल. मी रडवेली होऊन घरी घेऊन आले, तर तू थैली हातात धरून म्हणालास, "मंग रोवणी कवा करता?" हसून हसून तुला ठसका लागला. मग म्हणालास, "तांदूळ भरा वो बाई. तांदूळ उगवत नाई."

जाळ्यासाठी मात्र तू अडून बसलास. आम्ही दोरी बांधून खेळत होतो, थैली वरून गेली की खालून यावरच भांडणं व्हायची. तुझ्याकडे एक जुनं जाळं पडून होतं. मी मागितलं तर म्हणालास, "जाळ्यावर आपलं पोट हाय. त्याले पाय लावत नाई कोनी." ते तर मलाही ठाऊक होतं. आपल्या घरी जाळं कधी ओलांडलं नाही, चुकून पाय लागला तर ते धुवून, हळद वाहून, मगच पाण्यात जायचं. मी म्हटलं, बा, आमच्या खेळातही जाळ्याला पाय लागला की डाव जातो. तू बराच वेळ तंबाखू मळत बसलास. मग विचारलंस, "कोनाचा नेम हाय हा?" मी म्हटलं, खेळाचाच. म्हणालास, "शहाणा दिसते कोनीतरी."

दुसऱ्या दिवशी तू ते जाळं कापून लांबट केलंस, वरच्या काठाला मायच्या फाटक्या लुगड्याची लाल पट्टी शिवलीस. पट्टी कशाला, तर पायाला दिसली पाहिजे म्हणून. स्वतः येऊन बगिच्यातल्या दोन कडुनिंबांना ते बांधून दिलंस. त्यानंतर मात्र तू कधी आत आला नाहीस. तलावाच्या पाळीवर बसायचास, तोंड बगिच्याकडे. मी पाय किती वर नेते, पट्टीपासून किती लांब ठेवते, हे तू पाहतोस हे मला माहीत होतं. खरं सांगू का, स्मितापेक्षा माझा पाय साफ पडायचा तो तुझ्या धाकानंच.

मग तो उन्हाळा. स्मिताचे दोन मावसभाऊ नागपूरहून आले, हा खेळ खेळणारे. आल्याआल्या जाळं पाहून एक म्हणाला, "इथे काय मासे पकडायचे आहेत का?" माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी अन् स्मिता एकीकडे, ते दोघं दुसरीकडे, छाया गुण मोजायला. अर्धं गाव जमलं. आम्ही मागे पडत पडत बरोबरीला आलो. शेवटच्या गुणाला स्मितानं थैली उंच उचलून दिली, मी उडी मारली अन् तळव्यानं अशी हाणली की त्या दोघांच्या मधात जाऊन पडली. छाया नाचायला लागली. पण खाली येताना माझ्या पायाची करंगळी लाल पट्टीला घासून गेली होती. कोणालाच दिसलं नव्हतं. मी हात वर केला अन् म्हटलं, "पाय लागला." डाव गेला.

मी पाळीकडे पाहिलं. तू उठलास, पहिल्यांदाच फाटकातून आत आलास. मला वाटलं, आता डोक्यावर हात ठेवशील. तू सरळ कडुनिंबाकडे गेलास, गाठी सोडल्यास, जाळं गोळा करून खांद्यावर टाकलंस अन् निघून गेलास. सगळ्यांच्या देखत.

बा, असं कोणी करते का? मी हरले होते, तेही खरं बोलून हरले होते. अन् तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. जाळं छपरीत टांगलेलं मला दिसायचं, पण मी ते मागितलं नाही. तुलाच देऊ दे, म्हटलं. तू दिलं नाहीस. पुढे स्मिताच्या बाबांची बदली झाली, खेळ मोडला, माझं लगन होऊन मी नागभीडला गेले. माहेरी आले की आपण धानावर, पाण्यावर, जावयाच्या नोकरीवर बोलायचो. त्या डावावर कधीच नाही. मला आयुष्यभर वाटलं, बाच्या जाळ्याला मी पाय लावला, ते त्याच्या मनातून गेलंच नाही.

काल ते जाळं मांडीवर घेऊन बसले होते, तर माय बाजूला येऊन टेकली. म्हणाली, "त्या दिसी यानं जाळं तलावावर नेलं, धुतलं, हळद वाह्यली. सकाळी खुंटीले टांगलं. म्हने, आता खेळाले चालते, संगी मागाले येईन. तू आलीच नाईस."

"मंग त्यानंच काऊन नाई देलं?"

"त्याले इचार. मासोळी बाजारात पुरा गाव गोळा करून सांगे, कोनाले दिसलं नाई, मायी पोट्टी सोताच बोलली. लोक कंटाळले आयकून आयकून. तुले नाई सांगतलं का कधी?"

नाही सांगितलं, बा. साऱ्या बाजाराला सांगितलंस अन् घरातल्या घरात मला नाही. मी काल खूप रडले, अन् तुझा रागही खूप आला. अजून आहे.

ते जुनं जाळं उंदरांनी कुरतडलं म्हणे. या उन्हाळ्यात माझी गौरी इथे आंगणात मोज्यात तांदूळ भरून उडवत होती, तू खाटेवरून पाहत होतास. ती माझ्यासोबत नागभीडला परतली अन् तू हे नवं विणायला घेतलंस. काल मी ते पूर्ण उलगडलं. वरच्या काठाला मायच्या लुगड्याची लाल पट्टी आहे. विणून झालं तिथवर शिवलेली, पुढची गुंडाळून तशीच लोंबते आहे.

बंडूला सांगितलं, हे मी नेते. गाठ मारणं तूच शिकवलं होतंस, उरलेलं मी विणीन. नागभीडला घराजवळच्या बगिच्यात दोन झाडं पाहून ठेवली आहेत. पोरींचा पाय लागला तर जाळं धुवीन, हळद वाहीन, अन् सकाळी पुन्हा बांधीन. एवढं तुझ्यासारखंच करीन. पण जी पोरगी कोणाला दिसलं नसताना स्वतःहून हात वर करेल, तिच्या डोक्यावर तिथल्या तिथं हात ठेवीन. बाजारात मग सांगता येते.

तुझी पोट्टी,
संगी