साहेब पिसं उपटतात

१९ फेब्रुवारी

सकाळी ७.१०. पिंजऱ्याखाली सतरा पिसं! काल अकरा होती. साहेब दांडीवर बसून माझ्याकडे असे बघत होते, जणू पिसं मीच सांडलीत. छातीवर तळहाताएवढं टक्कल पडलंय. आतली गुलाबी कातडी दिसते. बघवत नाही.

बारा वर्षं हा पोपट आमच्याकडे आहे. बायकोचा धाकटा भाऊ परदेशी जाताना "तात्पुरता ठेवा" म्हणून देऊन गेला, तो गेलाच. करडा रंग, लाल शेपूट, हात मागे बांधल्यासारखी चाल — थेट आमचे पहिले डेपो मॅनेजर! म्हणून साहेब. तेव्हापासून घरात कोणी त्यांना अरे-तुरे केलेलं नाही. बारा वर्षांत एक पीस वाकडं नाही. आणि मी निवृत्त होऊन तीन आठवडे होत नाहीत तोच हे! नशीब, मी घरात आहे म्हणून निदान लक्षात तरी आलं.

ही म्हणाली, "डॉक्टरला दाखवा आधी. मोजत काय बसलात?"

२० फेब्रुवारी

जनावरांचा दवाखाना. काय तो गोंधळ! नंबर नाही, रांग नाही. दोन बायका "आधी मी आले" म्हणून भांडतायत, त्यांचे कुत्रे एकमेकांशी भांडतायत, एक मांजर कपाटावर. चौतीस वर्षं बस डेपोत टाइमकीपर होतो. असला कारभार पाच मिनिटं चालू दिला नसता.

डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या. हात मात्र हलका. साहेबांना टॉवेलात गुंडाळून सगळं अंग पाहिलं. किडे नाहीत, बुरशी नाही. रक्त काढलं. मग मला विचारलं, "काका, घरात अलीकडे काही बदल?"

म्हटलं, काहीच नाही. उलट आता मी पूर्णवेळ असतो. पूर्वी बिचारे दिवसभर एकटे.

"एकटे? काकू नसायच्या?"

"असायची, पण ती शिलाई मशीनवर. पिंजरा शेजारी, पण तिचं लक्ष कपड्यात. मी आता पिंजरा पुढच्या खोलीत घेतलाय, माझ्या टेबलाजवळ."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. म्हणाल्या, कधी आजार, कधी भीती, कधी नुसता कंटाळा — कारण शोधावं लागेल.

कंटाळा! तेच असणार. उपाय माझ्या हातात आहे.

२१ फेब्रुवारी

वेळापत्रक तयार. लाल-निळ्या शाईत, पट्टीने आखून. सातला उठणे, सात वीसला अंघोळ, आठला न्याहारी, साडेआठला बोलण्याचा तास (रोज दोन नवे शब्द), दहाला शिडीचा व्यायाम, अकराला रेडिओ. संध्याकाळपर्यंत एक मिनिट मोकळं ठेवलेलं नाही. प्रत्येक गोष्टीला डेपोतली माझी जुनी शिटी.

हिने चष्मा लावून वाचलं. "माझं कुठंय यात?"

"तुझं मागच्या पानावर."

पान उलटून न बघताच मशीनवर जाऊन बसली. माणसाला शिस्तीचं वावडं असलं की असं होतं.

२४ फेब्रुवारी

तेवीस पिसं. व्यायामाच्या वेळी माझ्या अंगठ्याला चावले.

२७ फेब्रुवारी

रक्ताचा रिपोर्ट स्वच्छ. मला आनंद झाला, पण बाईंना झालेला दिसला नाही. म्हणाल्या, "पिसांवर थांबतंय तोवर ठीक. कातडीला चोच लागली की जखम होते, मग तीच कुरतडत बसतात. मग कायमची कॉलर. काही पक्षी त्यातून उठत नाहीत, काका."

परत येताना पिंजरा मांडीवर घेऊन बसलो होतो. एकदाही शिटी वाजवली नाही.

त्यांनी वही ठेवायला सांगितलं आहे. तारीख, किती पिसं, घरात कोण होतं, काय चाललं होतं. वर म्हणाल्या, "खरं तेच लिहा हं!" मला! ज्याच्या वहीत चौतीस वर्षांत एक खाडाखोड नाही, त्याला!

२८ फेब्रुवारी

नवी वही आणली. जाड पुठ्ठ्याची. रकाने आखले. ही रोजनिशी वेगळी, ती नोंदवही वेगळी. इथे मनातलं, तिथे फक्त खरं.

४ मार्च

रक्त.

छातीच्या मधोमध, डाळीच्या दाण्याएवढी जखम. एकतीस पिसं. अंघोळीला काढायला गेलो तर साहेब पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बसले आणि तिथूनच एक पीस ओढलं. माझ्यादेखत. कचकन!

बाईंनी मलम दिलं आणि कापडाचा मऊ पट्टा गळ्यात बांधला, जखम भरेपर्यंत. पट्टा दुपारपर्यंत फाडला. मला घास गेला नाही. डेपोतल्या लोकांना वाटायचं हा माणूस दगड आहे. त्यांनी आज यायला हवं होतं.

वेळापत्रक आणखी कडक करावं की काय, कळत नाही. ही म्हणाली, "थोरलीकडे जाऊन या ना जरा. घर बदलतेय, मदत होईल तिला." अशा वेळी? पण लेकीचाही फोन आला. जातो तीन दिवस. वही हिच्याकडे सोपवली, रकाने दोनदा समजावून. "कळलं हो," म्हणाली. "चंद्रावर नाही चाललात."

९ मार्च

काल रात्रीच पोचलो. आल्या आल्या चपला न काढता वही उघडली. सहा तारीख, शून्य. सात, शून्य. आठ, शून्य!

वेळापत्रक लागू पडलं! मी तिथेच नाचायचा बाकी होतो. हिला म्हटलं, बघ, शिस्त. ही फक्त "हं" म्हणाली आणि सुईत दोरा ओवत राहिली.

सकाळी सातला शिटी.

संध्याकाळी : सव्वीस. काही समजत नाही.

१२ मार्च

पेन्शनच्या कागदांसाठी दिवसभर कार्यालयात. इथल्या खिडकीतून तिथल्या खिडकीत. परत आलो तर हिच्या अक्षरात आजचंही शून्य. कालची एकोणीस माझ्या अक्षरात.

१५ मार्च

गोषवारा काढायला बसलो. डेपोत दर महिन्याला काढायचो — कुठली गाडी, किती उशीर, कारण काय. सवय जात नाही. दोन बाजू केल्या. मी घरी असलेले दिवस आणि मी बाहेर असलेले दिवस. सहज केल्या, देवाशपथ सहज!

घरी, जखम दिसल्यापासून : एकतीस, तीस, सव्वीस, चोवीस, एकोणीस, बावीस, एकवीस.

बाहेर : शून्य, शून्य, शून्य, शून्य.

तीनदा तपासलं. खालून वर तपासलं. हवामान बघितलं, खाणं बघितलं, शेजारच्यांचं कुत्रंसुद्धा बघितलं. कारणाच्या रकान्यात दुसरं काही बसतच नाही. मी.

पिसं जायला लागली ती फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. मी घरी बसलो ती एक तारीख. एवढा मोठा धडधडीत बदल, आणि बाईंनी विचारलं तर मी छाती पुढे काढून सांगितलं — काहीच नाही!

पान फाडावंसं वाटलं. इथे कशाला लपवू? कोणाला कळणार होतं? हात त्या पानाच्या कोपऱ्यावर होता. पण तिकडे साहेबांच्या अंगातून रक्त येतंय आणि मी इथे पान फाडतोय, हे चित्र डोळ्यांपुढून जाईना. नाही फाडलं.

न्हाणीघरात नळ सोडून रडलो. ही बाहेरून ओरडली, "अहो, पाणी वाया चाललंय!"

१६ मार्च

वही बाईंपुढे ठेवली. म्हटलं, वाचा. त्या वाचत होत्या आणि मी त्यांच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. चार मिनिटं पुढे होतं ते.

"काका, लोक मला वहीच आणून देत नाहीत. देतात त्यात दोष कायम शेजाऱ्याचा असतो."

मी विचारलं, "मी इतका वाईट आहे का?"

"वाईट नाही हो. फार आहात! बारा वर्षं त्यांना काकू, मशीनचा आवाज आणि शांतता. एकदम चौदा तास तुम्ही, वर शिटी!"

मला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

हुकूम असा : पिंजरा मशीनजवळ परत. वेळापत्रक खाली. कुरतडायला कागद, सुतळ्या, कोवळं लाकूड. अंघोळीला पाणी ठेवायचं, जायचं की नाही ते साहेब ठरवतील. आणि दिवसा माझं तोंड शक्य तितकं कमी. त्यांनी बोलावलं तरच जवळ.

घरी येऊन वेळापत्रक काढलं. दोन्ही पानं. मागचं पान काढताना हिच्याकडे बघायचं धैर्य झालं नाही.

१७ मार्च

नऊ ते पाच बाहेर. संध्याकाळी स्वतः मोजली. चौदा! एकवीसवरून चौदा. शून्य नाही, पण उतार आहे.

१९ मार्च

दहा. बागेत बसलो. मग वाचनालयात. मग पुन्हा बागेत. डेपोतही डोकावलो. माझ्या खुर्चीवरच्या नव्या माणसाने "या काका" म्हटलं, पण बसा म्हटलं नाही. त्याचं बरोबर आहे. गाड्यांची वेळ होती.

२३ मार्च

सहा पिसं! आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी.

जखम दाखवायला साहेबांना घेऊन दवाखान्यात गेलो. तोच बाजार. एक म्हातारे गृहस्थ ससा घेऊन पाऊण तास उभे आणि मागून आलेला एक धटिंगण सरळ आत निघालेला. माझ्यातला टाइमकीपर उठलाच. म्हटलं, "थांबा! आपली वेळ काय?" असं विचारलं की माणूस थांबतोच, चौतीस वर्षांचा अनुभव आहे.

औषधांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून आकडे लिहिले, वाटले. कुत्री डावीकडे, मांजरं उजवीकडे, पक्षी आतल्या बाकावर. ससा पहिला. अर्ध्या तासात भुंकणंसुद्धा क्रमाने यायला लागलं! बाई दारात आल्या, बघत राहिल्या.

"काका, उद्या येता?"

जखम सुकली आहे.

२ एप्रिल

दवाखान्यात दहावा दिवस. भिंतीवरचं घड्याळ बरोबर केलं. कोणीही वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाही. एका बुलडॉगच्या मालकाने मला सलाम ठोकला. मीही ठोकला.

साहेब : तीन.

११ एप्रिल

कोंब!! छातीवर! बारीक पांढऱ्या नळ्या, टोकाला करडा ठिपका. ही भिंग घेऊन आली आणि आम्ही दोघं पिंजऱ्यापासून चार हात लांब उभे राहून आळीपाळीने बघत होतो. मोजायचा मोह झाला. ही म्हणाली, "मोजा, पण मनात." सत्तावीस.

२ मे

शून्य. मी स्वतः मोजलं. कागद उचलून, पिंजऱ्याचा तळ काढून, बॅटरी लावून मोजलं. खालून दोन रेघा मारल्या. जिंकलो!

१८ मे

संध्याकाळी घरात आलो. "अहो! ऐकलंत का?" म्हणून हाक. "आलो," म्हणत स्वयंपाकघरात गेलो, तर ही गच्चीवर. पुन्हा "अहो!" साहेब! दांडीच्या टोकाला येऊन, मान खाली घालून, मानेवरची पिसं फुलवून उभे. खाजवा म्हणून! साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा. एक बोट घातलं. पंधरा मिनिटं तसाच उभा होतो, पाय भरून आले, पण हललो नाही. बोलावणं आलं होतं मला.

छाती आता भरली आहे. उन्हात बसले की अशी चमकते की काय सांगू!

३ जून

बाईंना नोंदवही हवी आहे, दवाखान्यात सगळ्यांना दाखवायला. घरी येऊन हिला सांगितलं, जरा मिरवूनच. हिने मशीन थांबवलं.

"मग आधी ती चार शून्यं खोडा. ती मी अशीच लिहिली होती. मोजली नव्हती पिसं. कमी होती एवढं दिसत होतं, पाच-सहा असतील."

खोटी नोंद! माझ्या वहीत!

"तोंडाने सांगितलं असतं, तर तुम्ही ऐकलं असतं?"

नोंदवहीचं पान उघडलं. मग चारही शून्यांपुढे लिहिलं — तपासलं, बरोबर आहे. खाली सही केली.