अलार्म वाजला नाही

गोत्री, बडोदे
रविवार, ९ मार्च २०२५

चि. सौ. रसिकास,

आबांचे आशीर्वाद. नाशिकला तुझे आईबाबा बरे असतील. बाबांचा गुडघा आता कसा आहे?

आमच्याकडे ऊन तापायला लागलं. दुपारी गॅलरीत उभं राहवत नाही. तू कुंडीत लावलेला कढीलिंब मात्र जगला. समोरच्या हार्दिकभाईंनी तू कधी येणार असं परवा पुन्हा विचारलं, "रसिकाबेन क्यारे आवे छे?" मी "आवशे, आवशे" म्हणालो आणि नळ चालू राहिलाय असं सांगून आत आलो.

कुशल रोज रावपुऱ्यात जाऊन चष्म्याचं दुकान उघडतो. नंबर काढणं जमतं. पण चष्म्याच्या काडीचा बारीक स्क्रू हातात घेतला की उजवी बोटं थरथरतात. तेवढं काम शेजारच्या घड्याळवाल्याकडून करून घेतो. डॉक्टर म्हणतात, पाचसहा महिन्यांत कमी होईल. कधीकधी बोलताना शब्द सापडत नाही, मग चिडतो. बायको कुठे आहे असं कोणी विचारलं तरी तुझं नाव तो काढत नाही. त्याचा बाप असून मीही काढत नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. तू माझा फोन घेतेस, "बरी आहे, आबा" म्हणतेस, आणि मी हवापाण्याचं बोलून ठेवून देतो. असं सहा वेळा झालं. म्हणून कागद घेतला.

ती शेगडी मी बनवली होती याचा मला किती गर्व होता, तुला आठवतं. बर्फात कॅनव्हासचा तंबू ठोकून राहायची हौस तुझी, पण "शेगडी बाजारातली नको, मी करतो" हे मी म्हणालो. पत्रा कापला, धुराडं जोडलं, त्याला झडप बसवली. छत्तीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस मी. तू तो छोटा पांढरा अलार्म दाखवून म्हणालीस, "आबा, हा विषारी वायू झाला की ओरडतो. त्याला वास नसतो, कळत नाही." मी हसलो होतो. "मला आग शिकवतेस?"

आता त्या दिवसाचं. हिमाचलातली आपली तिसरी सकाळ. लाकडं ओली होती, बर्फ पडत होतं. तू आणि कुशल ओढ्यावर गेला होतात. मी शेगडी पेटवायला बसलो आणि तुझा अलार्म ओरडायला लागला. दार उघडलं, थांबला. दार लावलं, पुन्हा सुरू. तिसऱ्यांदा ओरडला तेव्हा मी उठलो, त्याचं झाकण काढलं, दोन्ही सेल काढून जॅकिटच्या खिशात टाकले आणि तो परत खांबाला लटकवून ठेवला.

रसिका, तो बिघडला नव्हता. तो आपलं काम करत होता.

जेवणानंतर कुशलचं डोकं दुखायला लागलं. उंचीमुळे असेल, असं आपण तिघंही म्हणालो. तू गोळ्या आणायला खाली गावात निघालीस. निघताना विचारलंस, "आबा, खालची खिडकी उघडी राहू दे ना?" मी म्हटलं, "बंद कर, ऊब जाते सगळी." तू केलीस. मग मी शेगडी ओल्या लाकडांनी गच्च भरली, आग सावकाश चालावी म्हणून झडप जवळजवळ पूर्ण ओढली आणि पाणी आणायला गेलो. वाटेत एका मेंढपाळाच्या झोपडीत चहाला बसलो. त्याला माझ्या शेगडीचं वर्णन सांगत बसलो. पाऊण तास.

परत आलो तेव्हा तंबूची एक बाजू उभी फाटलेली होती. चेन गोठली म्हणून तू बाहेर ठेवलेल्या भाजीच्या सुरीनं कॅनव्हास कापला होतास. कुशल बर्फात आडवा, आणि तू त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला हाका मारत होतीस. त्याचा चेहरा लाल होता. मला वाटलं, छान रंग आलाय. त्या वायूनंच माणूस असा लाल दिसतो, हे नंतर डॉक्टरांकडून कळलं. इतकं मला आगीतलं कळत होतं.

गावकऱ्यांनी त्याला खाटेवर घालून खाली नेलं. तू बरोबर गेलीस. मी म्हणालो, "शेगडी विझवून येतो." मी शेगडी विझवली आणि ते दोन सेल अलार्ममध्ये परत बसवले. घाबरून हात आपोआप गेले, असं लिहिणार होतो. पण तसं नाही. मी समजून उमजून केलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "टेंट में अलार्म नहीं था?" मी म्हणालो, "था. बजा नहीं."

शब्दाशब्दानं खरं होतं ते. दोन महिने मी त्याच आधारावर जेवतो, झोपतो.

चौथ्या दिवशी ऑक्सिजन काढल्यावर कुशल तुला म्हणाला, "तू आणलेलं खेळणं वाजलं नाही, आणि खिडकीही तूच बंद केलीस." तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. मी सिलिंडरच्या काट्याकडे पाहत राहिलो. तू एका शब्दानं म्हणाली नाहीस की आबांनी सांगितलं म्हणून बंद केली. आजपर्यंत कोणाला म्हणाली नाहीस.

(इथपर्यंत दुपारी लिहिलं. आता संध्याकाळचे साडेसात झालेत.)

पाकीट बंद करण्याआधी कागद कुशलपुढे ठेवले. त्यानं दोनदा वाचले.

"सेल तुमच्या खिशात होते?"

"हो."

"सकाळपासून?"

"हो."

"मग मी तिला दवाखान्यात जे बोललो, ते तुम्ही तिथे उभे राहून ऐकलंत."

मी मान हलवली. त्यानं कागद टेबलावर ठेवून तळहातानं दाबून धरले. मग म्हणाला, "ती का बोलली नाही माहीत आहे, आबा? तुम्ही बोलाल म्हणून ती वाट बघत होती."

चपला घालून निघून गेला. आत्ता आलाय. सयाजीगंजात जाऊन उद्या सकाळचं नाशिकचं तिकीट काढलंय. मी उठलो तर म्हणाला, "तुम्ही येऊ नका." मी येणार नाही.

पत्र माझ्याजवळ द्या, असंही म्हणाला. ते मी दिलं नाही. उद्या स्वतः टपालात टाकणार आहे. तो आधी पोचेल. तो काय माफी मागेल ते त्याचं. त्याला दारात उभं करायचं की आत घ्यायचं, ते तू ठरव. माझ्या वयाकडे बघून काही ठरवू नकोस. माझ्यासाठी मी काही मागत नाही. पुन्हा फोन करणार नाही. तुला वाटलं तर तू कर.

एरवी खाली "तुझे आबा" लिहितो. हे पत्र तुझ्या बाबांना, भावाला, नातेवाइकांत ज्यांनी ज्यांनी तुला बोल लावला त्यांना दाखवता यावं, म्हणून आज जबाबाखाली करतात तशी पूर्ण नावानं सही करतो.

गोविंद बाळकृष्ण मोहिते