'थोडक्यात वाचलो'ची पेटी

१४ मे, मंगळवार

केराच्या टोपलीतून नऊ चिठ्ठ्या वर काढल्या. उपमुख्याध्यापक कुवाबारांनी टाकल्या होत्या. माझ्यासमोर, चहा पिता पिता.

पेटी माझी — बुटांच्या कपाटापाशी ठेवलीय, वर लिहिलंय 'थोडक्यात वाचलो'. मैदानात कुणी पडता पडता वाचलं की चिठ्ठी टाकायची. नऊच्या नऊ चिठ्ठ्यांत एकच गोष्ट: मंकी बारची तिसरी दांडी हातात फिरते. माझ्या तिसरीच्या वर्गातल्या कोनात्सूनं तर चित्रच काढलंय, दांडीला डोळे आणि दात.

कुवाबारा म्हणे, "ओगाता, तू सिंगापूरच्या शाळेत शिकलास. तिकडे असतील असल्या पेट्या. आपल्याकडे जपानात मुलं पडतात, गुडघे झटकतात आणि जेवायला जातात."

"आणि डोक्यावर पडली तर?"

"पहिलंच वर्ष ना तुझं? होशील शांत."

नाही होणार.

१५ मे

स्वतः लटकून बघितलं. फिरते. चक्क गोल फिरते.

२१ मे, मंगळवार

दांडीबद्दल नगरपालिकेला कळवलं होतं. त्यांचं उत्तर: अपघाताची नोंद नाही, सबब दुरुस्ती पुढच्या वर्षी. सिरियसली? म्हणजे आधी कुणीतरी हात मोडून घ्यायचा, मग ह्यांचा माणूस पाना घेऊन येणार!

सरळ मंकी बारला पिवळी टेप गुंडाळली. कुवाबारा धावत आले. "मीटिंग नाही, शिक्के नाहीत, कुणाला विचारून केलंस?" कुणाला विचारू? मंजुरीच्या कागदावर सात जणांचे शिक्के लागतात. दांडी सात जणांसाठी थांबणार आहे का?

३० मे, गुरुवार

झोपाळ्याची कडी झिजलीय, चिठ्ठी आली — बंद. घसरगुंडीचा पत्रा कडेला उचकटलाय — बंद. एकचाकी सायकलींबद्दल दोन चिठ्ठ्या — कुलूप. टेपचा तिसरा रोल संपत आला. उघडं फक्त जंगल जिम, तो चढायचा लोखंडी सांगाडा.

मुलं मागे लागलीत, "सर, मग आम्ही खेळायचं काय?" म्हटलं, माझ्यावर काय चिडता, नगरपालिकेवर चिडा. कोनात्सू म्हणाली, "ती लोकं आमच्याशी बोलतच नाहीत."

बरोबर आहे तिचं. माझ्याशी तरी कुठे बोलतात.

१४ जून, शुक्रवार

दोन आठवडे पेटी रिकामी. कुवाबारांनी स्टाफरूमच्या फळ्यावर मोठं शून्य काढलं आणि माझी पाठ थोपटली. "तुझी पेटी कामाला आली बरं का."

डोकं फिरलं. आता ते शून्य नगरपालिकेला जाणार. शून्य म्हणजे दुरुस्तीची गरजच नाही. दांडी अजून तशीच लूज आहे, फक्त वर टेप आहे.

२० जून, गुरुवार

शाळेच्या नर्स निशिओबाईंनी बोलावून घेतलं. कोनात्सूचं उजवं मनगट सुजून टम्म. मोडलंय. सोमवारपासून! चार दिवस ती माझ्यासमोर बसली होती आणि मला कळलं नाही.

पोरांनी कामं वाटून घेतली होती — एकानं दप्तर उचलायचं, एकीनं दुधाच्या बाटलीचं झाकण उघडायचं, एकीनं तिच्या वहीत लिहायचं. अख्खा वर्ग सामील. निशिओबाई विचारतायत, "कुठे पडलीस गं?" तर ही खाली बघून, "माहीत नाही."

"कुणी सांगितलं गप्प बसायला?" वर्गात ओरडलोच मी.

मला माहितीये कुणी शिकवलं. फळ्यावर शून्य मिरवणाऱ्या माणसानं. मोठे लपवतात, ते बघून पोरं लपवतात. हेच सगळ्यांसमोर कुवाबारांच्या तोंडावर बोललो. बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

२१ जून, शुक्रवार

माफी मागायला कोनात्सूच्या घरी गेलो. आई चहा करायला आत गेली, तशी ती प्लास्टरचा हात सांभाळत जवळ सरकली. हळूच म्हणाली, "सर, नोंदीत जिन्यावरून पडले असं लिहाल? जंगल जिमवरून लिहिलंत तर तुम्ही तेही बंद कराल. आता तेवढंच उरलंय."